हिच्या मावसभावाचा बंदोबस्त

पैसा लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पैसा लपवण्यासाठी एवढी यातायात करणारा इसम अख्ख्या आखातात एकच झाला, तो म्हणजे आमच्या हिचा मावसभाऊ. दोन हजार आठ साल संपत आलं होतं. अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगीत दर आठवड्याला कुणाची तरी नोकरी जात होती आणि नेमक्या त्याच दिवसांत, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या ब्रह्मचाऱ्याला एका मॉलच्या सोडतीत घबाड लागलं. रेडिओवर त्याचं नाव, आडनाव, गाव, सगळं खणखणीत वाचलं. बिल्डिंगीतल्या झाडून सगळ्यांनी ते ऐकलं. कुणीच ऐकलेलं नाही, असं फक्त यानं ठरवून टाकलं.

संध्याकाळी आमच्या दारात आला तो चेहरा पाडूनच. "भाऊजी, माझी नोकरी गेली. खलास!" म्हणजे पैशाचा वास कुणाला लागू नये म्हणून पठ्ठ्यानं धडधडीत चालू नोकरी घालवून टाकली! मग ती गुपचूप करणं आलं. रोज सकाळी पँटवर लेंगा चढवून, दूध आणायला निघाल्यासारखी हातात पिशवी घेऊन हा बाहेर पडायचा आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसच्या जिन्याखाली लेंगा उतरवायचा. कुणी चहा पाजला तर "एक दिरहॅम! म्हणजे तेरा रुपये!" असं सगळ्या कॅफेटेरियाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायचा.

हौसेनं नवी गाडी घेतली, पण ठेवली शहराच्या दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. वर ती कधी धुतली नाही. गाडी चकचकीत दिसली की लोक मालक शोधतात, हे त्याचं तत्त्वज्ञान. पण त्या दिवसांत कर्जं थकलेले लोक गाड्या तशाच टाकून विमान पकडत होते, त्यामुळे धूळ खाणारी गाडी म्हणजे मालक पळाला, असंच धरलं जाई. ती पालिकेनं उचलून नेली. हा सोडवायला गेला, तर रांगेत आमच्याच मजल्यावरच्या रत्नागिरीच्या खाला उभ्या. कारकुनानं विचारलं, "हबीबी, युवर कार?" हा म्हणाला, "नो, नो, आय ओन्ली लाइक टू सी कार्स!" आणि बसनं घरी आला.

खालांनी ही हकिगत आम्हाला हसून हसून सांगितली, पण त्याच दिवसापासून त्याला सांदणांचा डबाही सुरू केला. "पैसेवाला झाला म्हणून एकट्याला कोण रांधून घालणार?" त्या म्हणाल्या. "लपवतोय तर लपवू दे बापड्याला."

पुढच्या वर्षी माझी नोकरी गेली. ही मात्र खरीच गेली. लेकीची दहावी चार महिन्यांवर, आणि नोकरीबरोबर व्हिसाही गेलेला, म्हणून घर महिन्याभरात सोडायचं. जीव नुसता तुटत होता. पण त्याला सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं, म्हणून आम्ही नवरा-बायको गप्प बसलो. शेवटी बांधलेले खोके बघून त्यालाच कळलं. तो मटकन एका खोक्यावर बसला.

"ताईनंसुद्धा मला सांगू नये?"

"तुझीच नोकरी गेलेली," मी म्हणालो. "तुला कुठं त्रास द्यायचा?"

लेकीला राहवेना. "मामा, स्टॉप इट! एव्हरीबडी नोज!"

"सगळ्यांना माहीत आहे? कधीपासून?"

"रेडिओवर सांगितलं तेव्हापासून," ही म्हणाली.

"मग वर्षभरात कुणी काही मागायला कसं आलं नाही? मला वाटलं, माझ्या बंदोबस्तामुळं येत नाहीत." आणि तो घळाघळा रडायला लागला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

खोके त्यानंच सोडले. आमचं भाडं, व्हिसा, सगळं निस्तरलं. लेकीची परीक्षा तिथंच झाली, मग आम्ही पुण्याला आलो. तो अजून तिकडेच आहे, तसाच एकटा. दर शुक्रवारी फोन करतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवताना एकदम आवाज खाली आणतो. "भाऊजी, कुणाला सांगू नका, पण तुमच्याशिवाय करमत नाही हो इथं."

हे मात्र मी खरंच आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.