बिनसाखर रसाचे शुद्धिपत्र

संशय हा दुर्गुण आहे असे वडीलधारी माणसे सांगत आली. परंतु मुद्रितशोधकाच्या बाबतीत तोच स्वधर्म ठरतो. बुधवार पेठेतील एका छापखान्यात कुसुमताईंनी चौतीस वर्षे हा धर्म निष्ठेने पाळला. कच्ची मुद्रिते समोर आली की प्रत्येक अक्षर चोरवाटेने आत शिरले असावे, अशा नजरेने त्या त्याकडे पाहत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला मागाहून शुद्धिपत्र जोडावे लागले नव्हते, आणि ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. निवृत्तीनंतर लाल पेन्सिल खणात गेली. नजर मात्र जागच्या जागी राहिली. वाचण्याजोगे मुद्रित आता घरात एकच उरले होते, ते म्हणजे यजमान श्यामराव.

श्यामरावांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गेल्या वर्षी जाळी बसवावी लागली. त्या दिवसापासून घरातून साखर आणि गूळ हद्दपार झाले, चहा फिका झाला आणि श्रीखंड केवळ आठवणीपुरते उरले. वीजमंडळातून निवृत्त झालेल्या त्या मितभाषी गृहस्थाने हे सारे निमूट सोसले. रोज सकाळी दोघे सारसबागेला फेरी घालीत आणि परतताना इम्तियाजभाईंच्या फळांच्या रसाच्या दुकानात थांबत. तेथे श्यामराव अनशापोटी मोसंबीच्या रसाचे दोन मोठे पेले घेत. हा नेम कुसुमताईंनीच लावून दिला होता. फळ म्हणजे सात्त्विक आहार, आणि दुकानावरील पाटी ठसठशीत अक्षरांत ग्वाही देत होती: ‘बिनसाखर रस’.

असे असता वैशाखात रक्ततपासणीचा अहवाल आला. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जवळजवळ दुप्पट झाली होती आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेने मर्यादा ओलांडली होती. तरुण डॉक्टर स्वराली अहवाल खाली ठेवून म्हणाल्या, “आजी, हे असंच चढत राहिलं तर दुसऱ्या जाळीची वेळ येईल. आजोबांच्या पोटात गोड कुठून जातंय?”

“कुठूनही नाही.”

“कुठून तरी जातंय. शोधा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.”

‘शोधा’ ही आज्ञा कुसुमताईंना फार वर्षांनी कोणी केली होती. पहिला आरोपी अर्थातच घरातला होता.

“अहो, जीभ दाखवा.”

“कशाला?”

“दगडूशेठचा प्रसाद घेऊन आलात का ते कळेल. पेढ्याचा रंग राहतो.”

“अगं, मी रस्त्यावरूनच नमस्कार केला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.”

“देवाला दोन मिनिटं न देणारा माणूस बायकोला खरं सांगेल होय?”

जीभ स्वच्छ निघाली. सदऱ्याच्या खिशात बसचे तिकीट आणि तुटलेले बटण मिळाले. चार दिवस त्या काही अंतर राखून त्यांच्या मागोमाग वाचनालयापर्यंत जाऊन आल्या. श्यामरावांनी वाटेत वर्तमानपत्राखेरीज काहीही विकत घेतले नाही. घर निर्दोष ठरले. मग दिवसभरात बाहेरचे असे एकच काय ते श्यामरावांच्या पोटात जात होते, आणि त्या विचारासरशी ताईंची नजर इम्तियाजभाईंच्या हातांकडे वळली.

इम्तियाजभाईंचे आजोबा मंडईत फळांची टोपली घेऊन बसत. वडिलांनी दुकान घातले. कुसुमताईंचा छापखाना पलीकडच्याच गल्लीत असल्याने वीस वर्षांचा परिचय होता. पण परिचय हा पुरावा नव्हे. पुढील आठवडाभर ताई बाकावर बसून निरखीत राहिल्या. गल्ल्याखाली स्टीलचा एक डबा होता. रस गाळून झाला की इम्तियाजभाईंचा हात त्या डब्यात जाई आणि चिमूटभर पांढरे काहीतरी पेल्यात पडे. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण होती. हा मनुष्य दिवसभर शेकडो पेले भरीत असे, पण स्वतः एकही ओठाला लावीत नसे. भूक लागली की एक मोसंबी सोलून, फोडी करून, चोथ्यासकट सावकाश खाई. जो स्वतःचा माल चाखत नाही, त्याला मालाची खरी जात ठाऊक असते, असे ताईंच्या मनाने घेतले.

आठव्या दिवशी त्यांनी विचारलेच. “इम्तियाजभाई, त्या डब्यात काय आहे?”

“सैंधव. का हो, ताई?”

“सैंधव की साखर, ते जीभ ठरवील.”

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. खारट!

“वीस वर्षांत पहिल्यांदा मीठ चाखून बघितलंत,” इम्तियाजभाई शांतपणे म्हणाले. “या, आत या. आज तुमच्या देखत काढतो. पेला धुतलाय का, तेही बघून घ्या.”

श्यामराव बाकावरून पुटपुटले, “माझी तर जीभ बघते. तुमचं डब्यावर भागलं.”

कुसुमताई आत उभ्या राहिल्या. एक मोसंबी, दोन, तीन. सहावी पिळली तेव्हा पेला काठोकाठ भरला. सोनेरी रस पेल्यात आणि पांढरा चोथा बादलीत. साखरेचा कणही कोठे दिसला नाही. दोन पेले, बारा मोसंब्या! घरी एक मोसंबी सोलून दिली, तर अर्धी खाऊन श्यामराव “पुरे” म्हणत. त्याच बारा मोसंब्या ते येथे पाच मिनिटांत पिऊन ढेकर देत होते.

“आणि तुम्ही का पीत नाही?” ताईंचा स्वर आता उतरला होता.

“मला मधुमेह आहे. सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं, फळ खा, रस सोड.”

“मग हे आम्हाला नको होतं सांगायला?”

“सांगितलं होतं. जाळी बसवून साहेब पहिल्यांदा आले, तेव्हा म्हटलं, लहान पेला घ्या. तर तुम्ही वर पाटीकडे बोट दाखवलंत. म्हणालात, बिनसाखर आहे ना? मग द्या मोठा.” फडक्याला हात पुसत ते म्हणाले, “आणि ताई, पाटी कुणाची आहे?”

कुसुमताईंना एकाएकी सारे आठवले. पंधरा वर्षांपूर्वी इम्तियाजभाई पाटीचा मजकूर तपासून घेण्यासाठी छापखान्यात आले होते. कागदावर लिहिले होते: ‘आमच्याकडे रसात साखर घातली जात नाही.’ ताईंनी लाल पेन्सिल फिरवली होती. “सहा शब्दांचा पसारा कशाला? बिनसाखर रस. संपलं.” रंगाऱ्याने तेच रंगवले.

मूळ वाक्य एका क्रियेचा निषेध करीत होते. ताईंच्या सामासिक शब्दाने वस्तूचाच अभाव घोषित केला. साखर न घालणे निराळे आणि साखर नसणे निराळे. सृष्टीने फळात आधीच ठेवलेली शर्करा त्या एका ‘बिन’ने पुसली गेली, आणि पुढे पुसणाऱ्या हातानेच तो शब्द प्रमाण मानला. इतरांचे काना-मात्रा धुंडाळणारी नजर स्वतःच्या दुरुस्तीवरून रोज सकाळी निःशंक फिरत होती.

त्यांनी तेथूनच स्वराली डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून सुस्कारा ऐकू आला. “आजी, फळ वाईट नाही. लहान पेला कधीमधी घेतला तर आकाश कोसळत नाही. पण चोथा गेला की ती साखर भरभर रक्तात उतरते, आणि जास्तीची यकृत चरबी करून ठेवतं. मोठ्या पेल्यात पाच-सहा चमचे साखर सहज असते. आजोबांच्या प्रकृतीला रोज दोन पेले? हे मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही गोडाचं विचारलंत. रस आम्ही औषधात धरला होता.”

“दुसरीही कारणं असतील. पण आधी हे थांबवा.”

दुसऱ्या दिवशी कुसुमताई एक जाड कागद घेऊन दुकानात आल्या. वळणदार अक्षरांत लिहिले होते: ‘शुद्धिपत्र. पाटीवर बिनसाखर रस असे आहे, तेथे वरून साखर न घातलेला रस असे वाचावे. फळाची साखर रसात असतेच. चूक मुद्रितशोधकाची आहे, दुकानदाराची नाही.’ खाली सही होती.

इम्तियाजभाईंनी कागद दोनदा वाचला. “धंदा बसवणार माझा.”

“परत जाईल त्याला मोसंबी सोलून द्या. आमच्यापासून सुरुवात करा.”

शेवटची ओळ इम्तियाजभाईंनी बोट फिरवीत पुन्हा एकदा वाचली आणि कागद काचेला चिकटवला. त्या दिवशी सोललेल्या दोन मोसंब्यांच्या फोडींवर त्यांनी सैंधव भुरभुरवले. ताईंच्या फोडींवर अंमळ अधिकच.

श्रावणात दुसरा अहवाल आला. आकडे उतरले होते. मर्यादेच्या आत नसले तरी तिच्या उंबरठ्याशी आले होते. कुसुमताईंनी तो तीन वेळा वाचला, नाव आणि वय ताडून पाहिले, छपाईची चूक नाही याची खात्री केली. श्यामराव शेजारी बसून फोड चघळीत होते.

“आता तरी संशय फिटला ना?” त्यांनी विचारले.

“फिटला,” कुसुमताई म्हणाल्या. “जीभ दाखवा.”