मुठीखालची रेघ

मूठवाली वहिनी स्वभावानं भित्री. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, कुणी फुगा फुगवायला घेतला की चार हात लांब जाऊन उभी राहायची. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो धनुष्यं घडवणारा! गल्लीतल्या लोकांना याची भारी गंमत वाटायची. तिला मात्र कधी वाटली नाही.

नवरा अख्ख्या लाकडातून धनुष्य काढायचा. फळी निवडणं, तासणं, कानशीनं घासणं, खुंटीला लावून दोरीनं थोडं थोडं ताणत दोन्ही बाजू सारख्या वाकवणं, हे सगळं त्याचं काम. मधली पकडायची जागा, म्हणजे मूठ, तेवढी हिच्याकडे. लग्नाआधी ती बुटांच्या कारखान्यात चामडं शिवायची, त्यामुळे आरी आणि सुई हातात बसलेली. गिऱ्हाइकाला ती आधी ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावायची आणि त्या ठशावरून मूठ किती जाड हवी ते ठरवायची. मग मेण लावलेल्या दोऱ्याचे साठ-पासष्ट फेरे, एकाला एक चिकटून, प्रत्येक फेरा अंगठ्याच्या नखानं दाबून बसवलेला. त्यावर भिजवून मऊ केलेली चामड्याची पट्टी ताणून घ्यायची आणि तळहाताला टोचू नये म्हणून शिवण पुढच्या बाजूला आणायची. तिनं बांधलेली मूठ वर्षानुवर्षं जागची हलत नसे. त्यामुळेच तिला हे नाव पडलं होतं.

तिच्या भीतीला कारणही तसंच होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या हातात पुरतं ताणलेलं धनुष्य मोडलं. स्फोट व्हावा तसा आवाज झाला. ती दारातच उभी होती. तो चेहऱ्यावर हात धरून खाली बसला आणि बोटांमधून रक्त वाहायला लागलं. डावा डोळा गेला तो गेलाच. पुढे तो हसत सांगायचा, "नेम धरायला नाहीतरी एकच लागतो." ऐकणारे हसायचे, ती आत निघून जायची. तो खुंटीवर धनुष्य ताणायला लागला की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची, म्हणजे लाकडाची करकर कानावर यायला नको.

ही गोष्ट दातांच्या डॉक्टरबाईंच्या धनुष्याची. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, रोज सकाळी शाळेमागच्या मैदानावर नेमबाजी करून मग दवाखाना उघडणाऱ्या. मूठवालीची दाढ त्यांनीच काढली होती आणि त्या वेळी तिनं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की दोघींना मिळून तो सोडवावा लागला होता. त्यांचा हात लहान, म्हणून मूठही नाजूक हवी होती. वहिनीनं दोन दिवस खपून ती बांधली. दोरा सुरू करताना मुठीच्या वरच्या टोकाशी तिला एक बारीक काळसर रेघ दिसली, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. नवरा मापासाठी पेन्सिलीच्या खुणा करायचा. त्यातलीच एक पुसायची राहिली असेल, असं म्हणून तिनं त्यावरून फेरे घेतले, चामडं चढवलं. संध्याकाळी डॉक्टरबाई धनुष्य घेऊनही गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती सहज म्हणाली, "अहो, पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या पुसून देत जा. डॉक्टरांच्या धनुष्यावर एक तशीच राहिली होती."

"पेन्सिल कुठली? त्याला मी पेन्सिल लावलीच नाही. सगळ्या खुणा खडूनं केल्यात."

गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. "मग ती काळी रेघ कसली होती?"

"लाकडाची असेल."

"आडवी होती हो."

त्यानं कप पुढे ओढला. मग कपाकडे बघत म्हणाला, "तुला दोरीचाही साप दिसतो. चहा दे."

लाकडाचे तंतू उभे जातात. आडवं जे काही असतं ते लाकडाचं नसतं, तो तडा असतो, हे त्यानंच तिला पंचवीस वर्षांत शंभरदा शिकवलं होतं. तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मैदानावर सगळ्यांचे फोन पिशवीत असतात, हे तिला माहीत होतं. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई साडेसहालाच येतात, हेही तिला माहीत होतं.

पायात आली ती नवऱ्याची चप्पल घालून ती निघाली. चालता चालता पळायला लागली. बेकरीसमोर कुणीतरी हाक मारली, "वहिनी, काय झालं?" पण ती थांबली नाही. डोळ्यांपुढे बोटांमधून वाहणारं ते रक्त येत होतं, पण बोटं डॉक्टरबाईंची होती. ज्या हातांनी आणि डोळ्यांनी त्या लोकांच्या तोंडात सुई घालतात, तेच हात, तेच डोळे.

मैदानाच्या फाटकातून आत शिरली तेव्हा डॉक्टरबाई पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या आणि धनुष्य वर उचलत होत्या. दोरी मागे येत हनुवटीपर्यंत आली. वहिनी जागच्या जागी थिजली. आता ओरडायचं नाही! धनुष्य ताणलेल्या माणसाला दचकवलं की हात कसाही सुटतो, हेही तिला ठाऊक. तिनं स्वतःचीच मूठ दातांत धरली. त्या दोन-तीन श्वासांत तिला दूरवरून लाकडाची करकर ऐकू आली, की आल्यासारखी वाटली, ते तिला नंतरही सांगता येईना.

बाण सुटला. काही झालं नाही. बाईंनी लगेच पुढचा बाण हातात घेतला.

"डॉक्टर! खाली ठेवा! ठेवा ते!"

आवाज इतका चिरका निघाला की मैदानातले सगळेच थांबले. डॉक्टरबाई धावत आल्या. "वहिनी, दाढ दुखतेय का?"

"दाढ गेली खड्ड्यात. द्या इकडे."

कात्री आणायचं भान राहिलं नव्हतं. तिनं दातांच्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत शिवणीचा दोरा दातांनी तोडला. चामडं सोललं, फेरे उलगडायला लागली. दोऱ्याचा गुंता पायाशी पडत गेला. शेवटचा फेरा निघाला आणि रेघ दिसली. बांधताना अर्ध्या दाण्याएवढी होती. आज बोटाच्या पेराएवढी झाली होती आणि कडेला जाऊन भिडली होती. तिनं नख फिरवलं. नख अडकलं.

डॉक्टरबाईंनी पिशवीतून छोटी बॅटरी काढली, खाली वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दाताला असा तडा दिसला असता तर त्या बाजूनं चावू नका म्हणून सांगितलं असतं मी."

दोघी धनुष्य घेऊन घरी आल्या, तेव्हा नवरा चिडलाच. "एवढ्याशा ओरखड्यासाठी माझी अब्रू मैदानावर काढलीस?"

"मग ताणून बघा," ती म्हणाली. तो चमकून बघतच राहिला. ही बाई असं म्हणेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं.

त्यानं धनुष्य खुंटीला लावलं, लांब दोरी बांधली आणि दाराआडून ओढायला लागला. डॉक्टरबाई मागे भिंतीशी. वहिनी या वेळी नळाकडे गेली नाही. त्याच्या पाठीला चिकटून, सदरा मुठीत पकडून उभी राहिली. एकदा, दोनदा, पाचदा. सातव्यांदा काडकन् आवाज झाला. वरचा तुकडा उडून समोरच्या फळीवरच्या रंगाच्या डब्यात आरपार घुसला. डब्यातून रंगाची धार लागली. डॉक्टरबाईंचा हात आपोआप गालाकडे गेला होता.

नवरा दोरी धरून तसाच खाली बसला. "मला दिसलंच नाही गं," तो म्हणाला. मग दोरी खाली टाकून, "वर्ष झालं. उजव्यानंही धूसर दिसतंय. सांगितलं असतं तर काम सुटलं असतं."

मोडलेल्या लाकडाला घाबरली नसेल इतकी ती त्या वाक्यानं घाबरली. एक डोळा आधीच गेलेला, आणि दुसरा असा! डॉक्टरबाईंनीच तिथल्या तिथे ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन केला. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर तासभर बसली होती, नर्सनं दोनदा विचारलं, "आजी, पेशंट तुम्ही आहात का?" अवघी बावन्न वर्षांची होती, पण त्या तासात तेवढी म्हातारी दिसत असावी.

पट्टी निघाल्यावर त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "केस कधी पिकवलेस?"

डॉक्टरबाईंचं नवं धनुष्य व्हायला चार महिने लागले. आता प्रत्येक लाकूड दोरा लागायच्या आधी खिडकीपाशी तिच्या नखाखालून जातं. त्या वर्षात तिनं तीन परत केली. तो कुरकुरला, पण तिन्ही बाजूला टाकली. डॉक्टरबाईंची मूठ तर तिनं बांधून दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा बांधली. पहिल्या दिवशी ती स्वतः मैदानावर गेली, बाईंच्या मागे दोन पावलांवर उभी राहिली. भीती काही कमी झाली नव्हती. तळहात घामानं चिंब झाले होते. बाण कुठे लागला ते तिला लोकांनीच सांगितलं. ती धनुष्याकडे बघत होती.