चाळणीवरचे दोडके

वांगी, दोडके, गिलके, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं माझ्या हातून पिकलेलं आहे. वडनेर भोलजीच्या शिवारात आमची दोन एकर बागाईत होती आणि नांदुऱ्याच्या बाजारात आमच्या दोडक्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राहायचं. पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्यातली एकही भाजी मी शिजवलेली नव्हती. ताटात आली की खायची आणि मीठ कमी पडलं की ओरडायचं, एवढाच माझा स्वयंपाकाशी संबंध. ते ओरडण्याचं काम मात्र मी मन लावून करायचो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या साली पोळा झाला आणि बायकोला कावीळ झाली. गावातल्या जाणत्याने तिच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते, असं तो म्हणाला. माळ पोटापर्यंत लोंबली तरी डोळे हळदीसारखे ते हळदीसारखेच. शेवटी बैलगाडीत गवत अंथरलं, वर गोधडी टाकली आणि तिला नांदुऱ्याला नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि फटकळ होता. म्हणाला, चाळीस दिवस अंथरुणातून उठू द्यायचं नाही, चुलीच्या धुरात बसू द्यायचं नाही. तेल बंद, तिखट बंद, फोडणी बंद. भाज्या वाफेवर शिजवून द्यायच्या. एवढं पाळलं तर ती चांगली उठून बसेल. नाही पाळलं आणि कावीळ उलटली, तर जिवावर बेतेल. एकदा घरी नेल्यावर गाडीत घालून पुन्हा कुठे हलवायचं नाही, हेही त्याने बजावलं, म्हणजे माहेरी पाठवायची वाट बंद झाली.

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बहीण लोणारकडे दिलेली, तिचेच दिवस भरत आलेले. सासूबाई आठ दिवस राहिल्या, पण मुगाच्या तोडणीचे दिवस, त्यांनाही परतावं लागलं. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं. उरलो मी.

बायकोची खाट मधल्या घरात होती. तिथून तिला चूल दिसायची आणि चुलीपुढे बसलेला मीही दिसायचो. पहिल्या दिवशी मी दोडके चिरून गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात टाकले, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि फुंकणी घेऊन बसलो.

"थे उकळणं झालं," ती खाटेवरून म्हणाली. "वाफेवर म्हणजे भाजीले पाणी लागलं नाही पाह्यजे."

"मंग भाजी ठेवू कुठी? हवेत?"

"नागदिवाळीचे दिवे कसे उकडतो आपण? तसं."

आमच्याकडे नागदिवाळीला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने कणकेचा एक दिवा करतात आणि वाफेवर उकडतात. माझ्या नावाचा दिवा मी जन्मभर तूप-गूळ लावून खात आलो होतो. तो उकडतात कसा, हे विचारायची गरज मला कधी वाटली नव्हती. तिने सांगितलं, गंजाच्या तळाशी काड्या आडव्या-उभ्या रचायच्या आणि पाणी काड्यांच्या खाली ठेवायचं. दिव्यासाठी ती ज्वारीच्या धाटाच्या काड्या घ्यायची, पण धाट शोधायला गोठ्यात कोण जातो? चुलीपाशी गेल्या सालच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, सरपण पडलं होतं, त्याच्याच काड्या मोडून मी रचल्या. भाजी तपकिरी झाली आणि तिला सरपणाची कडू चव आली. तिने दोन फोडी खाल्ल्या, पाणी प्याली आणि म्हणाली, "हे जनावरालेई घालू नका जी."

दुसऱ्या दिवशी गंजाच्या तोंडाला फडकं बांधलं आणि त्यावर भाजी ठेवली. वाफेने गाठ सैल झाली आणि दोडके फडक्यासकट पाण्यात बुडाले. मी एक शिवी हासडली. ती हसली, आजारपणात पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली.

तिसऱ्या दिवशी मला गहू चाळायची चाळणी आठवली. मोठ्या भोकांची, पत्र्याची. ती गंजावर ठेवली, तर गंजापेक्षा वीतभर मोठी. वाफ सगळ्या बाजूंनी घरात पळून जायची आणि भाजी कच्चीच राहायची. मग वर परात पालथी घातली. तिने सांगितलं, चाळणी आणि गंजाच्या मधल्या फटीला कणीक थापा. थापली. आता वाफ कोंडली, पण आतलं दिसेना. पाणी केव्हा आटलं ते कळलंच नाही आणि गंज काळाठिक्कर पडला. तेव्हा ती म्हणाली, "पाण्यात दोन गोटे टाका. पाणी हाये तवरक खडखड करतीन. गप झाले का समजा पाणी सरलं."

हे तिला कोणी शिकवलं होतं, मला ठाऊक नाही. मी नदीतले दोन गोटे आणून धुतले आणि टाकले. गंज खडखडायला लागला. मी ऐकत बसलो.

आठव्या की नवव्या दिवशी जमलं. परात उचलली तेव्हा दोडके हिरवेगार होते, मऊ होते, आणि प्रत्येक फोड वेगळी होती. चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. एक फोड मी तोंडात टाकली आणि चकित झालो. दोडका गोड असतो! इतकी वर्षं तो पिकवत होतो आणि तेल-तिखटाखाली त्याची चव मला कधी लागलीच नव्हती. तिने वाटी पुसून खाल्ली. "चांगले झाले जी," म्हणाली. बाजारात पहिला भाव मिळाल्यावरही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तो आनंद चार दिवस टिकला. शेजारीण विस्तव मागायला आली आणि मला कणकेच्या हातांनी चुलीपुढे बघून तशीच परत फिरली. संध्याकाळी पारावर गेलो तर माझ्याच वयाचे सगळे वाट बघत होते.

"काऊन बे, आज काय शिजोलं?"

"बाजारातून एक लुगडं आण बे आता, नऊवारी."

मीही हसलो. हसलं नाही तर जास्तच चिडवतात. पण माझा स्वभाव आधीच तापट, घरी येईस्तोवर अंगाची लाही झाली होती. दुसऱ्या दिवसापासून मी पुढचं दार लावून, कडी घालून स्वयंपाक करू लागलो. धूर घरातच कोंडायला लागला. ती खोकायची आणि म्हणायची, "दार उघडा ना जी." मी म्हणायचो, "मांजर येते." 

माझी खरी धास्ती मात्र पारावरच्या पोरांची नव्हती. ती आमच्या काकांची होती. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत वडील. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ते ठरवायचे, सोयरिकी ते ठरवायचे, आणि माणसाला नाव ठेवलं की ते नाव त्याच्याबरोबर सरणावर जायचं. आमच्याच भावकीतल्या एकाने बायको बाळंतीण असताना तिची लुगडी नदीवर नेऊन धुतली होती. काका त्याला धोबी म्हणाले. तो म्हातारा झाला, त्याला नातवंडं झाली, तरी अख्खं गाव त्याला धोबीच म्हणत होतं. मला हे होऊ द्यायचं नव्हतं.

चाळीसपैकी दहा-बारा दिवस उरले होते. तिचे डोळे निवळायला लागले होते, भूक लागायला लागली होती, खाटेवरून मला शिकवता शिकवता ती थट्टाही करायची. त्या दुपारी चाळणीवर दोडके चढवले होते, फटीला कणीक थापत होतो, आणि अंगणात खाकरल्याचा आवाज आला. पाठोपाठ दाराची कडी वाजली.

"हाये का बे घरी?"

काका. बरोबर भावकीतले आणखी दोघं, हिवाळ्यातल्या पाळ्या ठरवायला आलेले. माझे हात मनगटापर्यंत कणकेने भरलेले. पाचावर धारण बसली म्हणतात ना, तसं झालं. मी मधल्या घराकडे वळलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "ऊठ. इथी येऊन बस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग एका हाताने भिंत धरून उठली, सावकाश आली आणि चुलीपुढे बसली. डोक्यावर पदर घेतला आणि चुलीपाशी पडलेली फुंकणी उचलली. मी बादलीत हात बुचकळले, धोतराला पुसले आणि दार उघडलं.

काकांनी आत डोकावून बघितलं. "अरे वा, सूनबाई चुलीपाशी! बरी झाली म्हण की."

"हाव, झाली बरी," मी म्हणालो.

"मंग चहा होऊन जाऊ दे."

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. अजून पडून राहायला सांगितलंय काका, चहा मी करतो, एवढं वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. ते तिघं ओसरीवर ऐसपैस बसले. पाळ्यांवरून वाद झाला, मिटला, पुन्हा झाला. मध्येच चौथा एक जण आला, त्याच्यासाठी पुन्हा चहा. पावसाळ्याचं ओलं सरपण, धूर ओसरीपर्यंत येत होता. आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा काका म्हणाले, "लाकडं वली दिसते तुयी." आणि मी म्हणालो, "हाव ना." उन्हं कलल्यावर ते उठले. जाताना काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. तसाच आत गेलो. ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले, फुंकणी मांडीवर. गंज गप झाला होता आणि घरभर करपलेल्या दोडक्यांचा वास होता.

"करपले," ती म्हणाली. "मले आवाज बंद झालेलाच समजला नाही."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. आठवड्यात डोळे पुन्हा पिवळे झाले. नांदुऱ्याहून रेल्वेने अकोल्याला नेलं, दोन महिने ती तिथल्या दवाखान्यात होती. त्यातले पंधरा दिवस तर मी रोज सकाळी खाटेकडे जाताना आधी तिचा श्वास चालतोय का ते बघायचो. ती वाचली. पण पूर्वीची बाई परत आली नाही. मळ्याकडे निघाली की अर्ध्या वाटेत बांधावर बसावं लागायचं. दोन लेकरं झाली, दोन्ही वेळा तिच्या जिवावर आलं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते की कावीळ एरवीही उलटली असती, सांगता येत नाही. त्या वाक्याचा मी पुष्कळ वर्षं आधार घेऊन बघितला. मला तो पुरला नाही.

अकोल्याहून आल्यावर मी दार उघडं टाकून स्वयंपाक केला, सहा महिने. काका आले, बघितलं, पोट धरून हसले आणि मला भटारी, म्हणजे आचारी, म्हणाले. ते नाव जेमतेम एक हंगाम टिकलं. मग काकाच थकले आणि लोकही विसरले. मी ज्याला भ्यालो होतो ते एवढंच होतं. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

ती मात्र त्या दिवसांची गोष्ट सगळ्यांना सांगायची. सुनांना, शेजारणींना, पाहुण्यांना. पऱ्हाटीच्या काड्या, सुटलेली गाठ, माझी शिवी, सगळं रंगवून. "साऱ्या गावात कोण्या माणसानं केलं नसन, थे यायनं केलं माह्यासाठी," असं म्हणायची. मी बाहेर ओसरीवर बसून ऐकायचो. त्या दुपारपाशी आली की ती गोष्ट वळवायची आणि सरळ अकोल्याला पोचायची. एकदाही चुकून तिच्या तोंडून ती दुपार निघाली नाही. म्हणजे तिला ती चांगली लक्षात होती.

ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही दोघंच अंगणात उन्हाला बसलो होतो. ती मेथी निवडत होती. मी एकदम विचारलं, "थ्या दुपारचं काऊन सांगत नाहीस तू कोणाले?"

कोणत्या दुपारचं, असं तिने विचारलं नाही. हातातली जुडी निवडून संपवली.

"थ्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता," ती म्हणाली. "मले वाटलं, डॉक्टरनं तुम्हाले काही वाईट सांगलं अन् तुम्ही माह्यापासून लपवून राह्यले. म्हणून उठलो मी. का पाहा, मले काई होत नाही, मी उठू शकतो. माह्यासाठीच भेले होते ना तुम्ही?"

काकांची हाक दोघांनीही ऐकली होती. कडी वाजलेली तिनेही ऐकली होती. तिला खरंच तसं वाटलं होतं, की मला एक वाट करून देत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही. खरं बोलायला त्यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. आम्ही दोघंच होतो, ऐकायला कोणी नव्हतं, हसायला कोणी नव्हतं.

"हाव," मी म्हणालो. "तुह्यासाठीच भेलो होतो."

"मंग झालं तर," ती म्हणाली, आणि मी खाली वाकून मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.