झिजलेली अक्षरं

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर ठळक काढता येतं. लग्न होऊन पिंपळगावजवळच्या मळ्यात आले, तेव्हा द्राक्षं लाकडी पेट्यांतून जायची. पत्र्यात कापलेलं मळ्याचं नाव पेटीवर ठेवायचं आणि वरून काळा रंग फिरवायचा, हे काम माझ्याकडे. कुठे रंग लागला नाही, तर ब्रशने भरायचा. पुसट नावाची पेटी म्हणजे वापरलेली पेटी, आणि तिच्यात माल शिळा, असं व्यापारी धरायचे. पेटी न उघडताच बाजूला सारायचे.

आता नात बेदाणे विकते. मुंबईच्या एका दुकानाने तिला पहिल्यांदाच माल मागितला होता. साठ डबे संध्याकाळच्या टेम्पोने जायचे होते. आवडला तर पुढेही घेऊ, असं दुकानवाल्या बाईने सांगितलं होतं. नात सकाळी नाशिकला गेली. डब्यांवर लेबलं चिकटवायला मला सांगून गेली.

लेबलं पाहिली. अक्षरं चांगली जाडजूड, पण जागोजागी शाई उडालेली. एकाचा काना अर्धा, दुसऱ्याचं पोट पांढरं. छापणाऱ्याने पोरीला फसवलं, असं वाटलं. मी तिच्या टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि बसले. दुपारपर्यंत चाळीस डब्यांवरची अक्षरं भरून झाली.

नात आली. डब्यांकडे बघत दारातच उभी राहिली.

"आजी, हे कोणी केलं?"

"मी. दुसरं कोण आहे घरात?"

"अगं, ती अक्षरं तशीच होती. मुद्दाम."

"मुद्दाम कोण बिघडवतं अक्षर?"

मग तिने खाली बसून समजावलं. अशी जुन्या छपाईसारखी झिजलेली अक्षरं कंप्युटरवर मिळतात. शहरातल्या लोकांना ती आवडतात, माल घरगुती वाटतो. ही निवडायला तिला पंधरा दिवस लागले होते. मी म्हटलं, पंधरा दिवसांत नवी मिळाली असती. ती हसली नाही.

लेबलं पुन्हा छापायला वेळ नव्हता. तिने पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणले, एक माझ्यापुढे टाकला. दोघी समोरासमोर बसून घासत राहिलो. ती मध्येच माझा डबा बघायची आणि म्हणायची, "एवढं सारखं नको गं, कुठे जास्त, कुठे कमी." वाईट काम कसं करायचं, हे या वयात शिकले. टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा साठही डबे दिले.

आठवड्याने दुकानवाल्या बाईचा फोन आला. बेदाणा गोड आहे, काड्या नाहीत, आणखी पाठवा म्हणाली. नातीने विचारलं, लेबल कसं वाटलं? बाई म्हणाली, बरं आहे, फक्त तारीख जरा मोठी छापा.

नातीने फोन ठेवला आणि तारीख मोठी करून घेतली. नवी लेबलं आली आहेत. ती कपाटात आहेत आणि किल्ली तिच्याकडे आहे.