बांधावरची शिखर परिषद

दोन माणसं एका दारात समोरासमोर आली की तिथं जागतिक राजकारण सुरू झालं, असं मनापासून मानणारा माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. नांदेडच्या एका कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे, पण खरी शिकवणी वर्गाबाहेरच चालायची. शेअर रिक्षात एका बाजूला दोन धिप्पाड माणसं बसली की हे लगबगीनं दुसऱ्या बाजूला सरकायचे आणि रिक्षावाल्याला म्हणायचे, "सत्तासंतुलन राखा, नाहीतर वळणावर युद्ध होईल." स्वयंपाकघराच्या चौकटीवर टकटक केल्याशिवाय ते पाण्याचा तांब्याही उचलत नसत. तो म्हणे त्यांच्या बायकोचा सार्वभौम प्रदेश! "पाणी घ्या अन् व्हा भाईर," असं आतून फर्मान आलं, की कृतार्थ चेहऱ्यानं आत जायचे. त्यांच्या वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडात पाण्याच्या टाकीवरून जुंपली, तेव्हा हे सकाळी वर चहा प्यायचे आणि संध्याकाळी खाली. मी छेडलं तर शांतपणे म्हणाले, "अलिप्ततावाद म्हणजे कुणाचाच चहा न घेणं नव्हे. दोघांचाही घेणं."

अशा माणसावर आमच्या सासुरवाडीचं भांडण मिटवायची वेळ आली. निलंग्याजवळ आमच्या दोन मेव्हण्यांची शेतं आणि शेतातली घरं लागून आहेत. थोरल्यानं रानडुकरांच्या त्रासापायी बांधावर तारेचं कुंपण घातलं. धाकट्याला वाटलं, हा आता बांध कोरणार. त्यानं कुत्रं आणलं. थोरल्याला वाटलं, कुत्रं आपल्यावरच सोडायला आणलंय. त्यानं त्याहून दांडगं आणलं. मग कॅमेरे आले, तेही एकमेकांच्या अंगणाकडं तोंड करून. बोलणं तर कधीच बंद झालेलं. थोरल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं आणि सख्खा काका मांडवात पाऊल टाकणार न्हाई म्हणून हटून बसला. पोरगी रोज रडायची. सासूबाईंनी जेवण कमी केलं.

साडूंनी बरोबर बांधाजवळ, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची मांडायला लावली. धाकटा अलीकडं, थोरला पलीकडं, आणि आम्ही दोघं धाकट्याच्या बाजूला उभे. दोन्ही कुत्री आपापल्या खुंटाला बांधून भुंकत होती. साडूंनी घसा साफ केला. "याला आमच्यात सुरक्षेचा पेच म्हणतात. एक राष्ट्र भीतीपोटी शस्त्र घेतं, ते बघून दुसरं भितं अन् त्याहून मोठं घेतं. लढायचं कुणालाच नसतं, पण दोघंही लढायला तयार!"

"दाजी, आमी राष्ट्र न्हाई," थोरला पलीकडून म्हणाला. "याला इचारा, कुत्रं आधी कुणी आणलं?"

"अन् तार आधी कुणी वढली?" धाकटा उसळला.

साडू मग भीतीच्या वास्तववादाकडून देवाणघेवाणीच्या उदारमतवादाकडं वळले. थोरल्याच्या विहिरीचं पाणी आणि धाकट्याचा ट्रॅक्टर, ही परस्परावलंबनाची उत्तम सोय कशी आहे ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं होतं. "आणि वैर हे बांधावर नसतं, ते आपण डोक्यात रचतो," असं म्हणता म्हणता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ते हळूच खाली बसले. मला आधी वाटलं, हेही व्याख्यानातलंच. पण चेहरा पांढराफटक पडला होता, घाम फुटला होता.

जीप थोरल्याच्या अंगणात होती, आणि मधे ते कुंपण. रस्त्यानं वळसा घालायचा तर उशीर झाला असता. धाकटा पक्कड घेऊन धावत आला आणि तारेपाशी थबकला.

"तोड की रे! बघत काय राहिला?" थोरला ओरडला.

"तार तुझी हाय."

"तोड म्हणलं ना!"

जीप थोरल्यानं हाणली. मागं धाकट्यानं साडूंचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो रडत होता, "दादा, जरा जोरात घे रे." किती दिवसांनी त्यानं दादा म्हटलं, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

निलंग्याहून लातूरला न्यावं लागलं. साडू वाचले. शुद्धीवर आल्यावर मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "समान संकट आलं की शत्रुराष्ट्रंही एक होतात. पाठ्यपुस्तकात आहे." आणि खुशाल झोपून गेले. काका मांडवात आला, एवढंच नव्हे, तर अक्षता वाटण्यापासून जेवणावळी उठवण्यापर्यंत सगळ्यांवर ओरडत फिरला.

त्यानंतर साडूंनी कॉलेज सोडलं. डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केली, आणि न बोलता शिकवायचं कसं, हे त्यांना जमेना. परवा नांदेडला गेलो तर गॅलरीत बसले होते. बातम्यांत कुठल्याशा दोन देशांची बोलणी फिसकटल्याचं मी मुद्दाम सांगितलं. एरवी तासभर ऐकावं लागलं असतं. ते नुसते हसले.

"राष्ट्रांना मित्र नसतात, फक्त हितसंबंध असतात, असं आम्ही पोरांकडून जन्मभर घोकून घेतलं," ते म्हणाले. "त्या जीपमधे डोळे मिटून पडलो होतो ना, तेव्हा धाकट्याचे अश्रू माझ्या कपाळावर पडत होते. गरम होते हो. ते पुस्तकाच्या कुठल्या प्रकरणात बसवायचे, मला अजून कळलं नाही."