रांगेतला पस्ताना

लेकीने लग्नासाठी दीपगृह निवडलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता माझी फरफट आहे. आमच्या ड्युसेलडॉर्फमध्ये लग्नं लावणारी सरकारी कचेरी आहे, श्टांडेसआम्ट. समोर फुलांचे वाफे आहेत, ट्रॅम दारात थांबते. पण नाही! जावई उत्तर समुद्रातल्या एका बेटावरचा. त्या बेटावर एक लाल-पांढरं दीपगृह आहे आणि त्याच्या अगदी वरच्या खोलीत कचेरीचा माणूस येऊन लग्न लावतो. "मामा, तिथून सगळा समुद्र दिसतो," लेक म्हणाली. हे अर्थातच जर्मनमध्ये, तिकडे आईला मामा म्हणतात. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असंच आमचं ती शाळेत गेल्यापासून चालत आलंय.

लग्न ठरलं ऐन जुलैत. सांगलीहून सासूबाई येणार हेही लगेच ठरलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. एके सकाळी हसत ऑफिसला निघाला आणि ऑफिसच्या पायऱ्यांवरच कोसळला. तेव्हा सासूबाईंना येता आलं नव्हतं. या वेळी त्यांनी फोनवर निक्षून सांगितलं, "मुलीच्या बापाच्या जागी मी उभी राहणार." दीपगृहाला पायऱ्या फार, त्यात लिफ्ट नाही, हे मी त्यांना घाबरत घाबरत सांगितलं. तर बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज संध्याकाळी आपल्या बिल्डिंगचा जिना गच्चीपर्यंत चढायला-उतरायला लागल्या. शेजारीण म्हणे विचारायची, काय हो आजी, पाणी बघायला चाललात का टाकीतलं? त्या म्हणायच्या, नातीचं लग्न बघायला.

आता राहायचं कुठे? बेटावर एक खोली मिळेल तर शपथ. जावयाचं घर त्यांच्याच गोतावळ्याने भरलेलं. शेवटी जावयाच्या काकांनी आपल्या शेताच्या कडेला कॅरॅव्हान लावायला जागा दिली, आणि आमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांची कॅरॅव्हान दिली, गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत दोन बिछाने, छोटी शेगडी, सिंक. सासूबाईंना दोन वेळचा गरम भात आणि पाठ टेकायला जागा मिळाली की झालं. मला वाटलं, सुटले. डोंबल सुटले! खरी मजा पुढेच होती, बोटीचं बुकिंग.

माणसांना त्या बोटीवर जागेची ददात नसते. चालत या, तिकीट घ्या, बसा. प्रश्न असतो तो गाडीचा, आणि गाडीमागे कॅरॅव्हान असली की मग तर विचारूच नका. वेबसाइट विचारते, गाडी आणि कॅरॅव्हान मिळून लांबी किती? मी शेजाऱ्यांच्या अंगणात टेप घेऊन गेले. आजोबा मागोमाग आले. "पुढचा दांडाही धरा," म्हणाले. धरला. मागच्या सायकली अडकवायच्या कड्याही धरा. धरल्या. मग म्हणाले, उंची? परत शिडी. एवढं करून सगळं भरलं, तर पडद्यावर लाल अक्षरं: या दिवशी जागा नाही. दुसरा दिवस. जागा नाही. तिसरा. जागा नाही. गरीब बिचारा तो जुलै, पहिल्यापासून शेवटपर्यंत लालेलाल. फोन केला तर अर्धा दिवस तीच ती सुरावट कानात. मग एक बाई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, कॅरॅव्हानवाले लोक आदल्या हिवाळ्यातच बुकिंग करतात. मनात आलं, बाई गं, आदल्या हिवाळ्यात माझ्या लेकीने अजून होकारसुद्धा दिला नव्हता!

मी रोज सकाळी चहाआधी ती वेबसाइट उघडायला लागले. आणि एके दिवशी कुणीतरी आपली जागा सोडली. लग्नाच्या आदल्या दिवशीची, संध्याकाळची शेवटची बोट. मी श्वास रोखून बटण दाबलं. मिळाली! आनंदाने स्वयंपाकघरात आरोळी ठोकली. सासूबाई तोवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, सांगलीहून आणलेलं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी अवस आहे."

मी म्हटलं, "आई, असू दे हो. दुसरी जागाच नाही."

त्या एवढंच म्हणाल्या, "तो अवसेला निघाला होता."

झालं. मुलगा गेल्याचा फोन आला तेव्हा त्या माउलीने सगळ्यात आधी तिथी बघितली होती. मी नास्तिक, सगळ्याला हसणारी. पण यावर मला हसता येत नाही आणि रडताही येत नाही.

उपाय त्यांनीच काढला. पस्ताना ठेवायचा. जायचा दिवस वाईट असला, की आदल्या चांगल्या दिवशी तांदूळ, हळकुंड, सुपारी अशी पुरचुंडी बांधायची आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवून यायची. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. मग अवसेला निघायचं, वाटेत पुरचुंडी उचलायची आणि पुढे जायचं. एकच नियम, ती परत घरात आणायची नाही. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे, फक्त काळात. मला बरंच वाटलं. एका पुरचुंडीत काम भागत असेल तर भागू दे!

दुसऱ्याचं घर म्हणून मी शेजाऱ्यांची कॅरॅव्हान निवडली. ती अजून त्यांच्याच अंगणात होती, शिवाय उत्तरेला. सासूबाई खूश. आदल्या दिवशी मी पुरचुंडी आतल्या कपाटात ठेवून आले. आजोबांना काही सांगितलं नाही. काय सांगणार आणि कुठल्या भाषेत? आल्झो, हेर नाखबार, तर काय शेजारीबुवा, ही सुपारी म्हणजे आम्ही आहोत?

अवसेच्या सकाळी बेल वाजली. सासूबाई चपला घालून दाराशीच उभ्या होत्या, त्यांनीच दार उघडलं. बाहेर आजोबा. एका हातात कॅरॅव्हानची किल्ली, दुसऱ्या हातात पुरचुंडी. कॅरॅव्हान झाडून पुसून देताना कपाटात सापडली, तुमचं खाण्याचं काहीतरी विसरलं वाटतं, तांदळाने उंदीर येतात हो, असं हसत हसत म्हणाले आणि त्यांनी ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनीही घेतली, कारण कोणी हातात दिलेलं घ्यायचंच असतं. घेतली आणि दारातल्या स्टुलावर मटकन बसल्या.

"परत आला," त्या म्हणाल्या. "पस्ताना परत घरात आला."

मी विनवण्या केल्या. चिडले. बोट चुकेल म्हणाले. आवाज चढवला, मग खाली आणला. त्यांनी चपला काढून ठेवल्या. "अवस दुपारी संपते. मग निघू. त्याआधी तुला एकटीला जायचं तर जा, माझं काही म्हणणं नाही." एकटीला जा म्हणे! बापाच्या जागी उभं राहायला आलेल्या बाईला घरात ठेवून मी लेकीच्या लग्नाला जाऊ? इकडे आड, तिकडे विहीर. मी सोफ्यावर बसून घड्याळाकडे बघत राहिले. आयुष्यात इतका राग मला कुणाचा आला नसेल, आणि इतका नाइलाजही कधी झाला नसेल.

दुपारी निघालो. हॅम्बुर्गच्या बोगद्यापाशी श्टाऊ, गाड्यांची न हलणारी रांग. मागे कॅरॅव्हान, त्यामुळे जोरात हाकताही येत नाही. बंदरावर पोचलो तेव्हा आमची बोट पाण्यावर ठिपक्याएवढी दिसत होती. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मीही बघत होते.

नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाने आम्हाला वेटिंगच्या रांगेत घातलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढे कॅरॅव्हान, आणि आम्ही शिरतो न शिरतो तोच मागेही कॅरॅव्हानच कॅरॅव्हान. ना पुढे जाता येत, ना मागे, ना वळता येत. मी त्याला सगळं सांगितलं. सकाळी लेकीचं लग्न आहे म्हटलं. तो बिचारा चांगला होता. पण म्हणाला, सकाळच्या बोटीत कॅरॅव्हानला जागा नाही, दुपारच्या बोटीतही बहुतेक नाही. तुम्ही चालत जा, माणसांना जागा आहे. मग गाडी? गाडी रांगेत रिकामी सोडता येणार नाही. रिकामी गाडी आम्ही उचलून नेतो, रांगेतल्या शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं तरीही. लेकीला फोन केला. तिकडून कुणाला पाठवता येईना, कारण शेवटची बोट माणसं न घेताच रात्री या काठावर मुक्कामाला येते आणि सकाळची पहिली फेरी इथूनच सुटते. लेक रडायला लागली. मीही तिला धीर देता देता रडले.

त्या कॅरॅव्हानमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसलो. गुडघ्याला गुडघा लागत होता. मी शेगडीवर भात टाकला आणि मनातल्या मनात भांडत राहिले. एकीला इथे थांबावं लागणार होतं. गाडी माझी, चालवणार मी, म्हणजे थांबणारही मीच. नवरा नाही, आणि आता मुलीच्या लग्नात आईही नाही. का, तर तांदळाची पुरचुंडी! मला ओरडावंसं वाटत होतं, पण पत्र्याच्या भिंतीपलीकडे माणसं होती.

सकाळी जाग आली तेव्हा सासूबाई तयार होत्या. जांभळी पैठणी, केसांत इथलीच कुठलीशी पांढरी फुलं. मी म्हटलं, "चला, तुम्हाला बोटीत बसवून देते. पलीकडे जावई घ्यायला येईल."

"मी नाही जात," त्या म्हणाल्या. "तू जा."

"अहो आई, काहीतरीच काय!"

"त्या जाकीटवाल्याला विचार, माणूस आत बसलेलं असलं तर गाडी उचलतात का?"

मी विचारलं. तो हसून म्हणाला, नाही, तसं कसं उचलणार.

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. "पस्ताना माझ्या हातून मागे आला. आता मलाच ठेव इथे." मी रडायला लागले तशा त्या रागावल्या. "रडतेस काय! मुलीला आई लागते. बोट सुटेल, पळ." आणि त्यांनी अक्षतांची पुडी माझ्या हातात कोंबली. "माझ्या वाटच्याही तूच टाक."

मी पळाले. बोटीच्या कठड्यावरून मला ती रांग दिसत होती, आणि तिच्यात आमच्या कॅरॅव्हानची छोटी खिडकी. मग तीही दिसेना.

लग्न छान झालं. खोटं कशाला बोलू, खरंच छान झालं. दीपगृहाच्या वरच्या खोलीला चारी बाजूंनी खिडक्या आहेत, सगळा समुद्र दिसतो. लेक माझ्या गळ्यात पडून रडली, हसली, सही केली. आणि मी? मी त्या पायऱ्या चढताना प्रत्येक वळणावर सांगलीतल्या जिन्यावर होते. काठावरच्या पत्र्याच्या पेटीत, उन्हात, भाषा न येणारी एक म्हातारी बाई बसलीय, हे एक क्षणभरसुद्धा डोक्यातून गेलं नाही. अक्षता दोनदा टाकल्या. कचेरीच्या माणसाने खाली सांडलेल्या तांदळांकडे बघितलं.

पुढच्याच बोटीने मी परत फिरले. जावयाचा भाऊ बरोबर आला, सासूबाईंच्या जागी गाडीत बसायला. रांग बरीच पुढे सरकली होती. आमची गाडी आणि कॅरॅव्हान तेवढी जागच्या जागी उभी होती. कठड्याचा एक तुकडा काढून मागच्यांना तिला वळसा घालून पुढे सोडलं होतं. मी दार ठोठावलं. आतून कडी. कुणालाही दार उघडू नका, असं मीच सांगून गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी कडी काढली. आत भट्टी झाली होती. खिडकीसुद्धा उघडली नव्हती त्यांनी. पैठणी भिजलेली, कपाळावरचं गंध ओघळलेलं, मांडीवर ती पुरचुंडी.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"रडली का?"

"रडली. तुम्हाला शोधत होती. आई, पाणी प्या आधी. मग आपण घरी जाऊ या. पुरे झालं आता सगळं."

त्या पाणी प्यायल्या, सगळा पेला. मग त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढे केला.

"घरी काय जाऊ या? पस्ताना पुढे न्यायचा असतो, एवढंही कळत नाही तुला?" त्या म्हणाल्या. "उचल मला. पायऱ्या चढायच्यात अजून."