वासंतीताईंचे चिंचोके

आमच्या चाळीतल्या वासंतीताईंच्या घरी भाजीसुद्धा मतदानाने ठरायची. ओट्यावर दोन वाट्या, एक कारल्याची, एक बटाट्याची. प्रत्येकाने आपल्या वाटीत चिंचोका टाकायचा. त्यांचे यजमान विलासराव कारल्याचे भक्त आणि दोन्ही मुली बटाट्याच्या. बिचाऱ्यांना कारलं खायला पितृपक्षाची वाट बघावी लागे.

वस्त्यांमधून लोकांच्या बैठका घेणं हा ताईंचा पेशा. सगळ्यांना जमिनीवर गोल बसवायचं, बोलतं करायचं आणि स्वतःचं मत मात्र सांगायचं नाही. एकदा मी नवी साडी नेसून कशी दिसते विचारलं, तर म्हणाल्या, “तुला काय वाटतं?” मी निमूट साडी बदलून आले. “जो गप्प बसलाय, त्याला आधी विचारा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग आमची लालबागची चाळ पाडायचं ठरलं. नव्या इमारतीचे नकाशे दोन आले. एकात खोल्या मोठ्या, पण दारं बंदिस्त बोळात उघडणारी. दुसऱ्यात खोल्या लहान, पण पुढे मोकळी गॅलरी. बैठक अर्थात ताईंनीच घ्यायची. त्यांनी दोन्ही खोल्या चौकात खडूने खऱ्या मापाच्या आखल्या आणि लोक त्यांत फिरून कपाट कुठे, पलंग कुठे ते बघू लागले. मोठ्या खोलीत सगळेच रमले.

पक्षाघात झाल्यापासून विलासराव दिवसभर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्चीवर असत. येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. ते बोलणं हेच त्यांचं औषध होतं. हे ताईंना ठाऊक होतं, तरी ज्याने त्याने हव्या त्या खोलीत टाकावा म्हणून त्या शांतपणे एकेक चिंचोका वाटत होत्या. मला त्यांचा रागच आला.

शेजारच्या माईंनी चिंचोका घेतला नाही. “गप्प बसता तेका आधी इचारा, असा तूच सांगतंस ना? आज तूच गप्प आसस. बोल.”

ताईंनी हातातले चिंचोके खाली ठेवले. “मला गॅलरी हवी,” त्या म्हणाल्या. “बंद बोळात यांच्याशी कोण बोलणार?” आणि लगेच पेशा आठवून, माझं ऐकून मत देऊ नका, म्हणून विनवू लागल्या.

“मगे तू वर जावन बस,” माई म्हणाल्या. “हयसर मी बघतंय.”

माझा चिंचोका माईंच्या हातात ठेवून मी ताईंबरोबर वर गेले. त्या विलासरावांच्या खुर्चीशी टेकून बसल्या. खाली काय होईल, ताईंनी विचारलं.

“तुला काय वाटतं?” विलासराव अडखळत म्हणाले.

“भीती वाटते,” ताई म्हणाल्या. इतकं सरळ उत्तर त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकलं.

थोड्या वेळाने माई पदरात चिंचोके घेऊन वर आल्या. निकाल वगैरे काही न सांगता त्यांनी ते सगळे विलासरावांच्या मांडीवर ओतले. आयुष्यात पहिल्यांदाच ते मतदान जिंकले होते.